माथ्यावरच्या मुंग्या

“कमाल आहे लोकांची! दारू पितात ती पितात, वर ग्लास जमिनीत पुरून ठेवतात. पुरून!”

येऊरच्या डोंगरवाटेने खाली उतरणारा तो मुलगा भलताच खुशीत होता. घामाने भिजलेला हिरवा टी-शर्ट, हातात रबरी मोजे, खांद्यावर फुगलेली गोणी. मागे तसल्याच टी-शर्टातली आणखी चार-पाच मंडळी. रविवारी डोंगरावरचा कचरा उचलणारा हा गट रचनाने आधीही लांबून पाहिला होता. आज मात्र तिची नजर गोणीच्या तोंडातून डोकावणाऱ्या पांढऱ्या ग्लासांवर खिळली. ग्लासांच्या कडेला निळ्या मार्करने आकडे घातले होते. तिच्या अक्षरात.

“हे... हे कुठून काढलेत?”

“सगळीकडून! माथ्यापासून सुरुवात केली. आधी एक दिसला, मग बघतो तर रांगच्या रांग. वर छोटी छपरं पण केलेली, बोला! दारूत पावसाचं पाणी पडायला नको म्हणून.”

“ते माझे आहेत.”

तो थबकला. तिच्याकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“एवढी सगळी... तुम्ही एकट्याने प्यायलात?”

मागची मंडळी खो खो हसली. रचना हसली नाही. तिने पुढे होऊन गोणी ओढून घेतली आणि तिथेच वाटेवर उपडी केली. ग्लास खडखडत घरंगळले. सगळे रिकामे होते.

“यांच्यात किडे होते. मुंग्या, भुंगे...”

“हो, मेलेले. ओतून दिले आम्ही,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

“ओतून दिले.”

“म्हणजे... घाण वास येत होता ना...”

“जमिनीत सरळ रेषेत पुरलेला ग्लास दिसतो,” रचना हळू बोलत होती, आणि तिला ओळखणाऱ्या कुणीही हे ऐकून दोन पावलं मागे घेतली असती, “त्याच्यावर छप्पर दिसतं, त्याच्यावर नंबर दिसतो. आणि तुम्हाला वाटतं, कचरा! डोकं पण त्या गोणीतच टाकून आलात का? वनखात्याची परवानगी काढून लावलेत हे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत. चालता चालता मुंग्या आत पडतात, मग कुठल्या उंचीवर कुठल्या जाती आहेत ते कळतं. सगळ्या उंचीवरचे एकाच वेळी भरावे लागतात. एका ठिकाणचे गेले तरी बाकीचे फुकट. आणि तुम्ही सगळेच...”

तिचा आवाज चिरकला. रडू येतंय असं त्याला वाटू नये म्हणून ती आणखी चिडली.

“सॉरी,” तो म्हणाला.

“सॉरी म्हटल्यावर मुंग्या परत येतात?”

“नाही येत. पण... खड्डे परत खणता येतात ना? मी खणतो.”

“सगळे?”

“सगळे.”

“आत्ता?”

त्याने मागे वळून पाहिलं. हिरव्या टी-शर्टांपैकी कुणीच तिथे उरलं नव्हतं. एक लांबून ओरडला, “केदार, आम्ही खाली मिसळ खातोय रे!”

“आत्ता,” केदार म्हणाला आणि ग्लास गोळा करायला खाली बसला.

त्या दिवशी त्याच्या हातांना फोड आले. रचनाने ते पाहिले आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही. निदान तिने स्वतःला तसं बजावलं.

*

पुढच्या शनिवारी माजिवड्याला ती कल्याणच्या बसमधून उतरली, तर पुलाखाली स्कूटरला टेकून तो उभा. हातात छोटं फावडं. नवंकोरं, दांड्यावर किमतीची चिठ्ठी अजून तशीच.

“शिक्षा संपली तुमची,” ती म्हणाली.

“मला नाही वाटत. मला अजून अपराधी वाटतंय. वर सोडू?”

“रिक्षा मिळते.”

“रिक्षावाला खड्डे खणेल?”

ती त्याच्या मागे बसली ती केवळ पिशवी जड होती म्हणून. असं तिने आईलाही सांगितलं, स्वतःलाही.

मग शनिवारमागून शनिवार गेले. केदार टेंभी नाक्याजवळ राहायचा, तीन पिढ्यांपासूनचा ठाणेकर. एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचा. हे कळलं त्या दिवशीही एक भांडण झालंच.

“घोडबंदर रोडवर ते मोठं होर्डिंग आहे ना, ‘डोंगर आता तुमच्या खिडकीत’? ते माझं,” त्याने अभिमानाने सांगितलं.

“तो तू आहेस?” रचना अहो-जाहोवरून थेट तू-वर आली. “डोंगर खिडकीत येत नाही रे! इमारत डोंगरात घुसते!”

“तेवढं लांब होर्डिंगवर बसत नाही.”

“हसू नकोस.”

“मी हसत नाहीये. पण तू रागावलीस की तुझं नाक... जाऊ दे.”

“काय जाऊ दे?”

“लाल होतं. छान दिसतं.”

तिने त्याच्या हातात फावडं कोंबलं आणि पाठ फिरवून चढायला लागली. नाकाला हात लावून बघायचा मोह तिने झाडी येईपर्यंत आवरला.

ठाणं बेटावर वसलंय, हे ठाण्यात जन्मलेल्या माणसालाही सांगावं लागतं. केदारलाही सांगावं लागलं. साष्टी बेट. एका बाजूला समुद्र, बाकीच्या बाजूंना खाड्या, आणि मधोमध हा डोंगर.

“मी बेटावर राहतो? इतकी वर्षं?” तो खडकावर बसत म्हणाला. “आणि तू?”

“मोहनेला. कल्याणच्या पुढे. ती मुख्य भूमी. खारेगावची खाडी ओलांडून येते मी.”

“म्हणजे दर शनिवारी तू खाडी ओलांडून माझ्या बेटावर येतेस.”

“मुंग्यांसाठी येते.”

“मी कुठे काय म्हटलं?”

त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं, हे तिला कबूल करावं लागलं. सारखे प्रश्न विचारायचा. आणि त्याने विचारलं की रचना बोलत सुटायची. खाली खाडीकाठी काय सापडतं, तर जगात कुठेही सापडतील अशा मुंग्या. बोटींतून, लाकडातून, मालाच्या खोक्यांतून फिरणाऱ्या. आपल्या साखरेच्या डब्यात असतात त्याच. संख्या अफाट, पण जाती थोड्या. उताराच्या मध्यावर, जिथे सावली दाट आणि पालापाचोळा जाड, तिथे जातींची नुसती जत्रा. आणि माथ्यावर?

“माथ्यावर सगळ्यात कमी,” केदार म्हणाला.

“मोजून बघितल्या तर कमी. पण ज्या आहेत त्या मला खाली कुठेच नाही मिळाल्या. मध्यावर नाही, पायथ्याला नाही. त्यांना वरचा गारवा लागतो, वरचं वारं लागतं. हवा तापत चालली की खालच्या जाती वर सरकतील. मधल्याही सरकतील. वरच्यांनी कुठे जायचं? पुढे आभाळ, आणि सगळीकडून पाणी.”

केदार मान वर करून माथ्याकडे बघत राहिला. त्याचं तसं बघणं तिला आवडलं.

तेवढ्यात तो किंचाळून उठला. जांभळीच्या फांदीखाली बसला होता आणि पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या ओंबील मुंग्या त्याच्या कॉलरमध्ये शिरल्या होत्या. “हलू नकोस,” म्हणत रचनाने त्याच्या मानेवरून एकेक मुंगी चिमटीने उचलली. शेवटची उचलून झाली तरी तिची बोटं क्षणभर तिथेच राहिली. त्याने मान वळवली. इतक्या जवळून तिने त्याचे डोळे पाहिले नव्हते... पिंगट होते, ऐन दुपारी पाचोळ्यावर ऊन पडतं तसे.

“रचना,” तो म्हणाला, “तू हे सगळं बोलत असतेस ना, तेव्हा मला...”

“तेव्हा काय?”

परतीच्या पावसाची सर सडसडत डोंगरावरून उतरली. दोघं पिशव्या उचलून खडकाच्या आडोशाला धावले. तिथे दोघांपुरतीच जागा होती, आणि नंतर कितीतरी वेळ दोघंही पावसाबद्दलच बोलत राहिले.

घरी जाताना बसमध्ये रचना काचेत स्वतःकडे बघून हसत होती. शेजारच्या बाईंनी सरकून बसायला दोनदा सांगितलं तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

*

तो रविवार उजाडला आणि सकाळीच मावशीचा फोन आला. “अगं, पेपरात आलीयेस तू! पुरवणीचं अख्खं पान!”

तिचे बाबा, बाबुराव, कोपऱ्यावरून पेपर घेऊन आले. मोहनेचा कारखाना चालू होता तेव्हा ते तिथे फिटर होते. तो बंद पडल्यावर त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त करायचं काम सुरू केलं आणि त्यातच त्यांचं नाव झालं. त्यांनी चष्मा लावला, पेपर टेबलावर पसरला. रचना त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागली.

‘चाळीतल्या अंधारातून मुंग्यांच्या वाटेवर’. मथळ्याखाली डोंगरावरचा तिचा फोटो, केदारनेच काढलेला. त्याखाली त्याचं नाव.

पहिल्या परिच्छेदात बंद कारखान्याचं गाव. दुसऱ्यात हताश बाप. तिसऱ्यात मोलमजुरी करून लेकीला शिकवणारी आई. चौथ्यात मिणमिणता दिवा, वर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली पुस्तकात डोकं खुपसलेली परकरी पोर. मुंग्या शेवटच्या परिच्छेदात आल्या. तिथे लिहिलं होतं, डोंगर चढत जावं तसतसे कीटक विरळ होत जातात आणि माथ्यावर जवळजवळ काहीच उरत नाही, असं या जिद्दी मुलीचं संशोधन सांगतं.

बाबुरावांनी पान पूर्ण वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं. “फोटो चांगला आलाय,” ते म्हणाले आणि पेपराची घडी घातली.

आई, मीराबाई, स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. “मी मोलमजुरी कधी केली गं? बालवाडीत बाई होते मी. सगळं मोहने मला बाई म्हणतं.”

बाबुराव खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. रचनाकडे न बघताच त्यांनी विचारलं, “आपल्याकडे अंधार कधी होता गं? तू अभ्यासाला बसायचीस तिथे दोन ट्यूबलाइटी होत्या. एक मी मुद्दाम जास्तीची लावलेली. तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून.”

ते रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते विचारत होते. बहुतेक आपल्याच हातून काही राहून गेलं का, हे आठवून बघत होते.

रचनाचा फोन वाजत होता. पडद्यावर ‘केदार’. तिने तो कापला, पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

*

टेंभी नाक्यावर नवरात्रीचा मांडव लागला होता. ओटीच्या ताटांची, गजऱ्यांची, फुग्यांची गर्दी कापत ती केदारच्या इमारतीपाशी पोचली. दार त्याच्या आईने उघडलं. सरोजताई एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. रचनाला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

“तूच ना रचना? ये ये! अगं, काय सुरेख लिहिलंय केदारने! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. इतक्या प्रतिकूल परिस्थितीतून तू...”

“काकू, माझी परिस्थिती चांगली आहे,” रचना म्हणाली. “केदार आहे का?”

सरोजताईंचं हसू जागच्या जागी थांबलं. आतून केदार जवळजवळ धावतच आला. हातात तोच पेपर.

“वाचलंस? मला तुला सरप्राइज...”

“खाली ये.”

खाली ढोल वाजत होते. बोलायचं तर ओरडावंच लागत होतं, आणि रचनाला तेच हवं होतं.

“तू आमच्या घरी कधी आलायस?”

“अं? नाही, पण...”

“मग मिणमिणता दिवा कुठे पाहिलास? माझे बाबा हताश आहेत हे तुला कुणी सांगितलं? तू त्यांना भेटलायस? आज सकाळी पंपाच्या दोन मोटारी खोलून बसलेले ते, गाणं म्हणत!”

“रचना, तू म्हणालेलीस की कारखाना बंद झाला तेव्हा दिवस कठीण होते...”

“होते! तुझ्या घरी नव्हते कधी? तुझ्या मित्रावर लेख लिहिला असतास तर त्याची आई काय करते, भिंतीवर कुणाचा फोटो आहे, हे लिहिलं असतंस? त्याच्या कामावर लिहिलं असतंस ना! आणि माझी आई? मोलमजुरी?”

“तू एकदा म्हणालेलीस, आई दिवसभर राबायची...”

“बालवाडीत! पोरांच्या मागे राबायची! मोलमजुरी वाईट नाही रे, खोटं वाईट. आणि तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. डोंगरावर मला हजार प्रश्न विचारलेस. मुंगीला पाय किती, मुंगीला नाक असतं का. माझ्या आईबद्दल एक प्रश्न नाही विचारलास. ते तुला आधीच माहीत होतं!”

केदारचा चेहरा पांढरा पडला होता. “लोक मुंग्यांवर वाचत नाहीत गं,” तो कसंबसं म्हणाला. “माणसांवर वाचतात. मला वाटलं, तुझं काम पोचावं...”

“कुठलं काम? माथ्यावर काहीच उरत नाही, हे? मी तुला खडकावर बसून काय सांगितलं होतं? सांग, काय सांगितलं होतं?”

“की... वर ज्या आहेत त्या दुसरीकडे कुठेच...” तो थांबला. आपण काय लिहून बसलोय ते त्याला आत्ता कळत होतं. “संपादकांनी शेवट कापला. जागा नव्हती.”

“जागा कारखान्याला दिलीस. तसबिरीला दिलीस.” तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. “मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतोय माहितेय? की मी तुला हे सगळं... इतक्या विश्वासाने...”

ढोलांचा ठेका वाढला. वाक्य तिने अर्धंच सोडलं आणि गर्दीत शिरली. तो मागून हाका मारत राहिला. ती वळली नाही. घरी पोचेपर्यंत तिला कळत नव्हतं की आपण अपमानाने पेटलोय, की त्याने हे केलं, नेमकं त्यानेच केलं, म्हणून.

*

केदारचे फोन तिने घेतले नाहीत. त्याने एकदाच मेसेज केला, लांबलचक नाही. ‘चुकलं. दुरुस्ती पाठवलीय.’ दुरुस्ती छापून आली ती आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, बोटाएवढी.

ती बहुतेक कुणी वाचली नाही. लेख मात्र वाचला होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी फोन करून सांगितलं, “रचना, डोंगरमाथ्याला लागून जो खासगी माळ आहे ना, तिथे हॉटेल आणि देखावा बघायचा मनोरा होणार म्हणतायत. शुक्रवारी नागरिकांची सभा आहे. आणि तुझा लेख फिरवतायत तिथे.”

“माझा लेख नाही तो, मॅडम.”

“मग तसं येऊन सांग.”

सभागृह भरलेलं होतं. मंचावर कुंडलिकशेठ, पांढरे कपडे, गोड आवाज. हॉटेल त्यांचंच होणार होतं. माणूस मोठा नम्रतेने बोलत होता. “निसर्गावर आमचंही प्रेम आहे. पण हे बघा, आपल्या मोहनेची एक गरीब घरची, गुणी मुलगी काय म्हणते? माथ्यावर जवळजवळ काही उरतच नाही. आम्ही नाही म्हणत, संशोधन म्हणतं!” त्यांनी पेपर उंच धरला. टाळ्या पडल्या.

रचना उभी राहायच्या आत दुसऱ्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं. केदार. दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे. “माफ करा, हा लेख मी लिहिलाय, आणि त्यात जे...”

तेवढ्यात त्याची नजर तिच्यावर पडली. ती उभी होती.

तो बोलायला लागला असता तर छान बोलला असता. वाक्यं जुळवणं हा त्याचा धंदाच होता. सभागृह त्याच्याकडे वळलंही होतं. रचना त्याच्याकडे बघत राहिली. केदारने तोंड मिटलं आणि तो खाली बसला.

“संशोधन माझं आहे,” रचना म्हणाली. माइक कुणी दिला नाही. तिला त्याची गरजही नव्हती. “आणि मी असं काहीही म्हटलेलं नाही. गरीब घरची आणि गुणी हे मला उद्देशून असेल तर तेही नको. माझं नाव रचना आहे, तेवढं पुरे.”

मागे कुणीतरी हसलं. कुंडलिकशेठ म्हणाले, “ताई, रागावू नका...”

“रागावणार. तुम्ही माझं नाव घेऊन खोटं सांगताय. आता खरं ऐका. पायथ्याच्या मुंग्या तुमच्या स्वयंपाकघरातही आहेत. हॉटेल बांधलंत तर त्या आनंदाने वर येतील, बांधकामाच्या मालातूनच येतील. माथ्यावर जाती थोड्या आहेत हे खरं. पण थोड्या म्हणजे काहीच नाही, असं नसतं. त्या या डोंगरावर दुसरीकडे कुठेही मिळाल्या नाहीत मला. आपण बेटावर राहतो. इथून हाकललेल्याला खाली समुद्र आहे, खाडी आहे, घोडबंदर रोड आहे. जायला जागा नाही. हे मी पुराव्यानिशी दाखवीन, ज्याला बघायचं असेल त्याला. पण माझ्या तोंडी पुन्हा दुसऱ्याचं वाक्य घालू नका.”

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. मग पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “बरोबर बोलतीये पोरगी,” आणि सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी असं ठरलं की तिचा अहवाल वाचल्याशिवाय सभा होकार देणार नाही. जिंकलो असं म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं. पण कुंडलिकशेठनी पेपराची घडी घालून खिशात ठेवली, ते मात्र तिने डोळे भरून पाहून घेतलं.

*

माजिवड्याच्या थांब्यावर संध्याकाळची झुंबड होती. केदार तिच्यापासून थोडा लांब उभा राहिला, जवळ येऊ की नको अशा बेताने.

“मध्येच बसलास का?” तिने समोर बघतच विचारलं.

“तू उभी होतीस.”

“एवढंच?”

“मी बोललो असतो ना, तर पुन्हा मीच... लोकांनी मलाच ऐकलं असतं.” तो पायाकडे बघत होता. “मला काही समजावून सांगायचं नाहीये, रचना. तू म्हणालीस ना, ते तुला आधीच माहीत होतं... ते खरंय. मी न विचारता लिहिलं, कारण मला वाटलं मला माहितेय. मी चांगला आहे असं मला वाटायचं गं. कचरा उचलतो वगैरे.”

लेख त्याने लिहिला होता आणि तो आता कधीच न लिहिलेला होणार नव्हता. बाबांनी खिडकीशी उभं राहून विचारलेला प्रश्न तिला आयुष्यभर ऐकू येणार होता. आणि तरी, शनिवारी सकाळी जाग आली की अजूनही तिला आधी पुलाखालची त्याची स्कूटर आठवायची. मग ती त्याच्यावर आणि स्वतःवर दुप्पट चिडायची.

“राग अजून आहे मला,” ती म्हणाली.

“माहितेय.”

“खूप आहे. इतका मला कुणाचाच येत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं ना, तर पेपर फाडून झोपले असते मी. तुझ्यामुळे मला झोप येत नाही. याचाही राग येतो.”

त्याने मान वर केली. पिंगट डोळ्यांत काहीतरी हललं. “मलाही नाही येत,” तो म्हणाला. “रचना... मला तू...”

कल्याणची बस धडधडत आली आणि त्याचं वाक्य धुळीत गेलं. रचना चढली. दारात थांबून तिने वळून पाहिलं. तो तिथेच, हात खिशात घालून, मान खाली घालून उभा.

“चढ ना!”

“कुठे?”

“मोहनेला. माझ्या बाबांच्या समोर उभा राहा आणि बघ त्यांच्याकडे. घर पण बघ. मग जे काय लिहायचंय ते लिही.”

“आत्ता? असा? रिकाम्या हाताने?”

“रिकाम्याच हाताने ये. गोणी घेऊन आलास की घोळ होतो.”

मागच्या माणसाने “अरे, चढतोस की सोडतोस?” म्हणून ढकललं आणि केदार आत पडला. मागच्या बाकावर दोघांना जागा मिळाली. खारेगावचा पूल आला. खाडीवर तांबूस उजेड पसरला होता आणि वारा खिडकीतून सरळ तोंडावर येत होता. रचनाने कंडक्टरला दोन तिकिटं मागितली. केदारने खिशात हात घातला तशी तिने डोळे वटारले. त्याने हात मुकाट बाहेर काढला.

तो हात बाकावर त्यांच्या मध्ये पडून राहिला. बराच वेळ तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग आपला हात त्यावर ठेवला, चांगला दाबून, राग अजून आहे हे त्याला कळावं म्हणून.

कोनगाव मागे पडलं तेव्हा त्याने घसा साफ केला.

“बाबांना काय सांगू?”

“खरं ते सांग. की तू न बघता लिहिलंस, आणि वाईट लिहिलंस.”

“सांगतो. आईंचीही माफी मागतो. आणि... दुसरं?”

“दुसरं काय?”

“हेच की मी तुझ्या... म्हणजे आपण...”

रचनाचं नाक लाल झालं. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा, दातांत धरून ठेवलेलं हसू निसटलं.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे मी सांगणार,” ती म्हणाली. “तू मध्ये बोलू नकोस.”